गूगल अ‍ॅड्समधील कीवर्ड मॅचिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची जवळजवळ सगळी उदाहरणं एकाच दुकानाची आहेत: कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारं एक छोटं, काल्पनिक दुकान. तुमचा धंदा आरओ दुरुस्तीचा असो वा क्लासेसचा, नियम तेच लागू होतात.

कीवर्ड आणि सर्च टर्म एकच ना?

नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. कीवर्ड तुम्ही खात्यात भरता, तर सर्च टर्म म्हणजे गिऱ्हाइकाने गूगलवर प्रत्यक्ष टाइप केलेले किंवा बोललेले शब्द. तुम्ही ‘कोल्हापुरी चप्पल’ एवढाच कीवर्ड भरलात, तरी त्याच्यावर ‘लग्नासाठी कोल्हापुरी’, ‘कोल्हापुरी चप्पल कशी धुवायची’ असे शंभर वेगळे शोध येऊ शकतात. पैसे कीवर्डचे नाही, त्या शोधातून आलेल्या क्लिकचे जातात. कोणता शोध कोणत्या कीवर्डच्या खात्यात जमा करायचा हे मॅचिंग ठरवतं.

मॅचचे प्रकार किती, आणि लिहायचे कसे?

तीन. नुसते शब्द लिहिले की ब्रॉड मॅच. दुहेरी अवतरणात लिहिलं, म्हणजे "कोल्हापुरी चप्पल", की फ्रेज मॅच. चौकोनी कंसात, म्हणजे [कोल्हापुरी चप्पल], की एक्झॅक्ट मॅच. चिन्ह विसरलात तर सिस्टीम काही विचारत नाही, निमूट ब्रॉड धरते. एक्सेलमधून शंभर कीवर्ड कॉपी-पेस्ट करताना अवतरणं गळून पडणं हे नेहमीचंच. सेव्ह केल्यावर मॅच टाइपच्या रकान्यावरून एकदा नजर फिरवा.

एका कीवर्डमध्ये जास्तीत जास्त १० शब्द चालतात. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक धरला जात नाही. नंतर मॅच टाइप बदललात तर जुना कीवर्ड काढला जातो आणि नवा तयार होतो, त्यामुळे जुने आकडे नव्या ओळीत दिसत नाहीत. ते कुठे गेले म्हणून घाबरू नका. ‘रिमूव्ह्ड’ कीवर्ड दाखवायचा फिल्टर लावला की सापडतात.

एक्झॅक्ट मॅच घेतला, तरी वेगळ्याच शब्दांवर जाहिरात दिसते. बिघाड आहे का?

बिघाड नाही. ‘एक्झॅक्ट’ हे नाव आता नावापुरतं उरलंय. २०१४ मध्ये गूगलने क्लोज व्हेरिएंट, म्हणजे एकवचन-अनेकवचन, चुकीचं स्पेलिंग वगैरे, बंद ठेवण्याची सोय काढून घेतली. २०१७ मध्ये शब्दांचा क्रम बदलला तरी चालेल, असं ठरलं. २०१८ मध्ये अर्थ तोच असला की पुरे, इथपर्यंत गाडी आली. आज [पुरुषांसाठी कोल्हापुरी चप्पल] हा कीवर्ड ‘जेन्ट्स कोल्हापुरी’ या शोधालाही जुळू शकतो.

इथवर ठीक आहे, दोन्ही गिऱ्हाइकं एकच माल शोधताहेत. पण ‘अर्थ तोच’ हा निर्णय यंत्राचा असतो आणि तो अधूनमधून चुकतो. कोल्हापुरी, मोजडी आणि जुती यांतला फरक कोल्हापुरातलं पोरही सांगेल. यंत्राला ते दर वेळी जमेलच असं नाही. त्यामुळे एक्झॅक्ट मॅचच्या अ‍ॅड ग्रुपलाही (एकत्र ठेवलेले कीवर्ड आणि त्यांच्या जाहिराती) निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे नको असलेले शोध अडवणारे शब्द, लागतात.

फ्रेज मॅचमध्ये शब्द त्याच क्रमाने यावे लागतात का?

पूर्वी यावे लागत. आता तुमच्या कीवर्डचा अर्थ शोधात सामावलेला असला की पुरतं. पुढे-मागे आणखी शब्द चालतात: "कोल्हापुरी चप्पल" या कीवर्डवर ‘ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल किंमत’ येईल, ‘कोल्हापुरी लेदर चप्पल ऑनलाइन’ही येईल. क्रमाने अर्थच बदलत असेल तिथे मात्र क्रम पाळला जातो. टॅक्सीवाल्यांना हे नीट कळतं: "पुणे ते मुंबई टॅक्सी" हा कीवर्ड ‘मुंबई ते पुणे टॅक्सी’साठी नाही.

कीवर्डच्या आधी अधिकचं चिन्ह लावायचं ना?

ती जुनी पद्धत, ब्रॉड मॅच मॉडिफायर. २०२१ मध्ये ती फ्रेज मॅचमध्ये विलीन झाली आणि त्या वर्षीच्या जुलैपासून तसे नवे कीवर्ड बनवता येत नाहीत. अजूनही ती शिकवणारे व्हिडिओ फिरताहेत. व्हिडिओची तारीख बघा आणि पुढे जा.

मग ब्रॉड मॅच वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण घाई करायची नाही. ब्रॉड मॅच शब्दांपलीकडे बरंच काही बघतो: त्या माणसाने नुकतंच काय काय शोधलं, तुमच्या लँडिंग पेजवर, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानावर, काय लिहिलंय, त्याच अ‍ॅड ग्रुपमध्ये आणखी कोणते कीवर्ड आहेत. म्हणून ‘कोल्हापुरी चप्पल’ या ब्रॉड कीवर्डवर ‘पुरुषांसाठी चामड्याचे सँडल’ हा शोध आला तर नवल नाही. कधी त्यातूनच चांगलं गिऱ्हाईक मिळतं, कधी ‘शाळेचे बूट’ शोधणारा येऊन क्लिक करून जातो.

फरक पडतो तो बिडिंगने, म्हणजे एका क्लिकला किती पैसे द्यायची तयारी आहे ते ठरवण्याने. खात्यात विक्रीची नोंद, म्हणजे कन्व्हर्जन ट्रॅकिंग, बिनचूक असेल आणि ‘टार्गेट सीपीए’ (एका विक्रीमागे किती खर्च चालेल) किंवा ‘टार्गेट आरओएएस’ (खर्चाच्या किती पट विक्री हवी) यांसारखं स्मार्ट बिडिंग असेल, तर सिस्टीम प्रत्येक शोधाला वेगळी बिड लावते आणि निरुपयोगी वाटणाऱ्या शोधाला कमी. मॅन्युअल सीपीसीवर, म्हणजे क्लिकची बिड हाताने ठरवून, ब्रॉड मॅच लावलात तर चप्पल विकत घ्यायला निघालेला आणि चपलेचं चित्र शोधणारा, दोघांसाठी तुमची बिड सारखीच. बजेटचं पाणी होतं ते इथे.

कन्व्हर्जनची नोंद चुकीची असेल तर स्मार्ट बिडिंगही वाचवत नाही. ‘संपर्क’ पान उघडलं की कन्व्हर्जन, अशी नोंद केलेली असेल तर सिस्टीम इमानेइतबारे संपर्क पान उघडणारी माणसं शोधून आणेल. खरेदी करणारी नव्हे.

एका शोधाला माझेच तीन कीवर्ड जुळले, तर मी माझ्याशीच स्पर्धा करतो का?

नाही. एकाच खात्यातले कीवर्ड एकमेकांची किंमत वाढवत नाहीत. त्यांतला एक निवडला जातो. निवडीचा क्रम असा:

१. शोधाशी तंतोतंत सारखा असलेला एक्झॅक्ट कीवर्ड. शोधातलं स्पेलिंग दुरुस्त केल्यावर सारखा ठरत असेल तरी चालतो.
२. तो नसेल, तर शोधाशी शब्दशः सारखा असलेला फ्रेज किंवा ब्रॉड कीवर्ड. परफॉर्मन्स मॅक्स या गूगलच्या स्वयंचलित जाहिरात प्रकारातली तशीच सर्च थीमही (तिथे सुचवलेला शोधविषय) याच पायरीवर येते.
३. तोही नसेल, तर शोधाच्या अर्थाला कोणता कीवर्ड आणि अ‍ॅड ग्रुप जास्त जवळचा हे एआय ठरवतं.
४. तरीही बरोबरी राहिली तर बिड आणि जाहिरातीचा दर्जा यांवरून ठरणारा अ‍ॅड रँक.

यातून एक काम निघतं. ज्या शोधावर विक्री होते, तो एक्झॅक्ट कीवर्ड म्हणून स्वतंत्र भरा, म्हणजे तो तुम्हाला हव्या त्याच जाहिरातीकडे आणि त्याच पानावर जातो. पण त्या कॅम्पेनचं (एका बजेटखाली चालणाऱ्या जाहिरातींचा गट) बजेट अपुरं असेल, जाहिरात नामंजूर झालेली असेल किंवा कीवर्ड ‘लो सर्च व्हॉल्यूम’मध्ये (फारच कमी शोधला जाणारा) असेल, तर हा अग्रक्रम मोडतो आणि शोध दुसऱ्या कीवर्डकडे जातो. ‘एक्झॅक्ट असूनही ब्रॉडकडे ट्रॅफिक का?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा अपुऱ्या बजेटमध्ये सापडतं.

मराठी कीवर्ड देवनागरीत भरायचे की रोमन लिपीत?

दोन्हीत. मराठी माणूस फोनवर कधी देवनागरीत टाइप करतो, कधी बोलून शोधतो, आणि पुष्कळदा मराठीच शब्द रोमन अक्षरांत लिहितो. लिपी बदलली तरी सिस्टीम जुळवून घेईल यावर विसंबू नका. ‘चप्पल’ रोमनमध्ये कुणी एका ‘पी’ने लिहितं, कुणी दोन ‘पी’ने, कुणी शेवटी दोन ‘एल’ लावतं. चुकीच्या स्पेलिंगची सोय सिस्टीममध्ये आहे, पण मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग बरोबर कोणतं हे मुळात ठरलेलंच नाही. महत्त्वाच्या पाच-सात शब्दांची दोन-तीन रूपं हाताने भरा.

मराठी जोडून लिहिणारी भाषा आहे, हेही ध्यानात घ्या. ‘चप्पल’, ‘चपला’, ‘चपलेची’, ‘चपलांची’ ही तुमच्या-माझ्या लेखी एकाच शब्दाची रूपं. "चप्पल किंमत" भरलंत तरी "चपलेची किंमत" वेगळं भरा. स्थानिक शब्दांना विसरू नका: ‘पायताण’, ‘कापशी चप्पल’, ‘करकर वाजणारी कोल्हापुरी’. हे शोध थोडे असतात, पण असं टाइप करणाऱ्याला काय हवंय याबद्दल शंका नसते.

कॅम्पेनच्या भाषांच्या यादीत मराठीबरोबर इंग्रजी आणि हिंदीही ठेवा. फोनची भाषा इंग्रजी ठेवून मराठीत शोधणारे असंख्य आहेत. एकटी मराठी निवडलीत तर त्यातले काही सुटण्याची भीती. भाषा निवडली म्हणून कीवर्डचं भाषांतर होत नाही, हेही सांगून ठेवतो.

कीवर्डपुढे ‘लो सर्च व्हॉल्यूम’ दिसतं. काढून टाकू?

राहू द्या. हा कीवर्ड गूगलवर फारच कमी शोधला जातो म्हणून तात्पुरता झोपवलाय, एवढाच त्याचा अर्थ. शोध वाढले की तो आपोआप जागा होतो. देवनागरी कीवर्डना हा शेरा सर्रास मिळतो. ‘बायकांसाठी कापशी कोल्हापुरी चप्पल आठ नंबर’सारखे लांबलचक कीवर्ड भरले की हमखास. त्याऐवजी "कापशी चप्पल" असा आखूड फ्रेज कीवर्ड ठेवा, लांब शोध त्याच्या पोटात येतात.

निगेटिव्ह कीवर्ड नेमकं काय अडवतात?

निगेटिव्हचे प्रकारही तीनच, पण वागणं निराळं. इथे अर्थ बघितला जात नाही, शब्द बघितले जातात.

निगेटिव्ह ब्रॉड: सगळे शब्द शोधात असले तरच अडवतो, क्रम कसाही असो. ‘कोल्हापुरी मसाला’ हा निगेटिव्ह ‘मसाला कोल्हापुरी घरगुती’ अडवेल, पण ‘कोल्हापुरी मटण’ अडवणार नाही.
निगेटिव्ह फ्रेज: ते शब्द त्याच क्रमाने सलग असतील तरच.
निगेटिव्ह एक्झॅक्ट: शोध हुबेहूब तेवढाच असेल तरच.

एकवचन-अनेकवचन, समानार्थी शब्द यांपैकी काहीही निगेटिव्हला आपोआप लागू होत नाही. स्पेलिंगच्या चुका मात्र २०२४ पासून धरल्या जातात.

‘कोल्हापुरी’ हा शब्दच असा आहे की त्याच्या मागे बाजारपेठ उभी आहे: मसाला, मिसळ, मटण, साज, फेटा, गूळ. चपलेच्या दुकानाने पहिल्याच दिवशी हे सगळे एकेक शब्द निगेटिव्ह ब्रॉडमध्ये टाकावेत. ‘कोल्हापुरी मिसळ’ असं जोडीने टाकण्याची गरज नाही. ‘मिसळ’ एवढं पुरे, मिसळ शोधणारा चप्पल घेणार नाही. ‘साज’ टाकलात की ‘साजाची’, ‘साजाचे’ही टाका. इंग्रजीत खाते चालवणाऱ्याला जे काम दोन रूपांत उरकतं, त्याला मराठीत चार-पाच ओळी लागतात, आणि रोमन रूपं धरली तर आणखी तितक्याच. कंटाळवाणं आहे, पण याच कामाने पैसे वाचतात.

बातम्यांवरही नजर ठेवा. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या आणि मोठा वाद उठला. अशा वेळी ‘कोल्हापुरी’ शोधणाऱ्यांत बातमी वाचणारेच जास्त असतात. ‘प्राडा’, ‘वाद’, ‘बातमी’, ‘जीआय टॅग’ हे शब्द त्याच दिवशी निगेटिव्हमध्ये गेले पाहिजेत.

निगेटिव्ह कीवर्डमुळे आपलंच नुकसान होऊ शकतं का?

होतं, आणि ते दिसत नाही, कारण न दिसलेल्या जाहिरातीची नोंद कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. नकली रबरी चपला शोधणारे नकोत म्हणून कुणी ‘रबर’ निगेटिव्ह ब्रॉडमध्ये टाकतं. सहा महिन्यांनी रबर सोलची कोल्हापुरी दुकानात येते आणि तिची जाहिरात कधीच दिसत नाही. नवा माल आला की निगेटिव्हची यादी पुन्हा वाचायची, असा शिरस्ता ठेवा. एकेका शब्दाचा निगेटिव्ह टाकताना दहा सेकंद विचार करा: हा शब्द घेऊन येणारं एकही खरं गिऱ्हाईक असू शकतं का? असू शकत असेल तर एकट्या शब्दाऐवजी फ्रेज टाका.

निगेटिव्ह कोणत्या पातळीवर टाकायचे?

कुठेच नको असलेले शब्द, म्हणजे ‘मसाला’, ‘नोकरी’, ‘वॉलपेपर’, हे खात्याच्या पातळीवर. तिथे १,००० ची मर्यादा आहे. अनेक कॅम्पेनना लागू करायचे ते निगेटिव्ह लिस्टमध्ये. एका लिस्टमध्ये ५,००० शब्द मावतात आणि खात्यात अशा २० लिस्ट करता येतात. अ‍ॅड ग्रुपच्या पातळीवरचे निगेटिव्ह आपापसात वाटणी करायला उपयोगी: पुरुषांच्या ग्रुपमध्ये ‘लेडीज’, ‘महिला’, ‘बायकांच्या’ टाकले की शोध योग्य पानावर जातात.

सर्च टर्म रिपोर्ट कसा वाचायचा?

डावीकडच्या मेनूत ‘कॅम्पेन्स’, मग ‘इनसाइट्स अँड रिपोर्ट्स’, मग ‘सर्च टर्म्स’. गेल्या सात दिवसांची तारीख निवडा. ‘कीवर्ड’ हा रकाना दिसत नसेल तर जोडून घ्या, नाहीतर कोणता शोध कुणाच्या नावावर पडलाय हे कळणार नाही. मग खर्चाच्या क्रमाने लावा आणि वरून खाली वाचा. नवं कॅम्पेन असेल तर पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी, नंतर आठवड्यातून एकदा.

वाचताना शोधांचे तीन ढीग पडतात. विषयच वेगळा असलेले: लगेच निगेटिव्ह. विक्री देणारे: एक्झॅक्ट कीवर्ड म्हणून भरा. विषय बरोबर पण विक्री नाही: यांचं काय करायचं, ते पुढच्या प्रश्नात. निगेटिव्ह करताना एक फसगत टाळा: रिपोर्टमधून थेट टिक मारून टाकला की तो निगेटिव्ह एक्झॅक्ट म्हणून जातो, म्हणजे फक्त तेवढाच शोध अडतो. ‘कोल्हापुरी चप्पल वॉलपेपर डाउनलोड’ असा अख्खा शोध अडवण्यात काही हशील नाही; त्यातला ‘वॉलपेपर’ हा शब्द उचलून टाकायचा.

किती क्लिकनंतर शोध निकामी समजायचा?

लोक फार लवकर समजतात. साधा हिशेब करा. समजा तुमच्या दुकानात १०० क्लिकमागे २ जोड विकले जातात. अशा दुकानात अगदी चांगल्या शोधावरही ५० क्लिक होऊन एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. १०० क्लिकवर ती १३ टक्के, १५० क्लिकवर ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंधरा-वीस क्लिक बघून ‘हा शोध चालत नाही’ म्हणणं हा निव्वळ अंदाज झाला. विषय बरोबर असेल तर निदान शंभर-दीडशे क्लिक थांबा. विषयच चुकीचा असेल तर एक क्लिकही पुरे.

बिडचाही हिशेब यातूनच निघतो. एका जोडामागे खर्च वजा जाता ३०० रुपये सुटत असतील आणि ५० क्लिकमागे एक जोड जात असेल, तर क्लिकला ६ रुपयांच्या वर दिले की घरातून भर घालावी लागणार.

दिवसाचं बजेट ५०० रुपये आणि खर्च ९०० दिसतोय. हे मॅचिंगमुळे?

नाही. गूगल एखाद्या दिवशी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याचा हिशेब मात्र रोजचं बजेट गुणिले ३०.४ च्या वर जात नाही. ५०० रुपयांना १५,२०० रुपये. जीएसटी त्यावर वेगळा.

रिपोर्टमधल्या शोधांची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही.

जुळणार नाही. सप्टेंबर २०२० पासून पुरेशा लोकांनी केलेलेच शोध गूगल दाखवतं. उरलेले ‘इतर सर्च टर्म्स’ या एकाच ओळीत जातात. मराठी शोध विरळ असल्याने छोट्या खात्यात ही ओळ चांगलीच जाड असू शकते. जे दिसत नाही ते शब्दाशब्दाने अडवता येत नाही. म्हणून निगेटिव्ह आधीच, अंदाजाने टाकायचे.

फ्रेज आणि एक्झॅक्टच भरलंय, तरी ब्रॉडसारखे शोध येताहेत.

दोन बटणं तपासा. पहिलं, कॅम्पेनच्या सेटिंगमधलं ‘ब्रॉड मॅच कीवर्ड्स’. ते चालू असेल तर अख्ख्या कॅम्पेनचे कीवर्ड ब्रॉड धरले जातात, कंस-अवतरणांना किंमत उरत नाही. दुसरं, २०२५ मध्ये आलेलं ‘एआय मॅक्स’. ते चालू केलं की सिस्टीम तुमचे कीवर्ड, जाहिरातीचा मजकूर आणि वेबसाइट बघून आणखी शोध गाठते. एआय मॅक्स ठेवूनही एखाद्या अ‍ॅड ग्रुपपुरतं त्यातलं सर्च टर्म मॅचिंग बंद करता येतं. ‘रेकमेंडेशन्स’ पानावरचं ‘ऑटो-अप्लाय’ही बघून घ्या, तिथे टिक राहिली असेल तर कीवर्ड तुमच्या नकळत बदलत राहतात.

स्पर्धकाचं नाव कीवर्ड म्हणून भरलं तर चालतं का?

गूगलच्या धोरणानुसार ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरायला बंदी नाही; जाहिरातीच्या मजकुरात तो वापरण्यावर मात्र बंधनं येऊ शकतात. कायद्याची बाजू वेगळी. डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी आणि गूगल यांच्यातल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की कीवर्ड म्हणून वापर हाही ट्रेडमार्कचा ‘वापर’च आहे, तेवढ्याने तो आपोआप उल्लंघन ठरत नाही, पण गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल तर ठरू शकतो. धंद्याच्या दृष्टीनेही हे शोध महाग पडतात: दुसऱ्याचं दुकान शोधत आलेल्याला तुमची जाहिरात अप्रस्तुत वाटते, क्वालिटी स्कोअर (कीवर्डला गूगल देतं ते दर्जाचे गुण) घसरतो आणि क्लिकची किंमत चढते.

अ‍ॅमेझॉनवरही माल विकतो. तिथे हेच नियम आहेत का?

नावं तीच: ब्रॉड, फ्रेज, एक्झॅक्ट. पण स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स या तिथल्या जाहिरात प्रकारात निगेटिव्ह ब्रॉड नाही, फ्रेज आणि एक्झॅक्ट एवढेच, आणि निगेटिव्ह फ्रेजमध्ये चारच शब्द मावतात. गूगलची निगेटिव्ह यादी तिकडे जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे शोधणारा मुळात खरेदीलाच आलेला असतो, त्यामुळे ‘वॉलपेपर’, ‘बातमी’ असले शब्द तिथे अडवत बसण्यात अर्थ नाही. ‘लहान मुलांची’, ‘रबरी’, ‘सहा जोडांचा सेट’ हे बघा.